शिक्षकांचा आमदार ठरतो कोठे?

विधान परिषदेच्या कोकण विभाग शिक्षक मतदारसंघात ३० जानेवारी २०२३ रोजी मतदान झाले आणि २ फेब्रुवारीला नेरुळ येथे मोजणी झाली. ३५,०६९ शिक्षकांनी मतदान केले होते. त्यांपैकी ३३,४५० मते वैध ठरली, विजयासाठी लागणारा कोटा १६,७२६ असा निघाला आणि भारतीय जनता पक्षाचे उमेदवार ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी पहिल्या पसंतीच्या २०,६८३ मतांनी तो सहज ओलांडला. तोपर्यंत ही जागा ज्यांच्याकडे होती ते शेतकरी कामगार पक्षाचे बाळाराम पाटील यांना, महाविकास आघाडीचा पाठिंबा असूनही, १०,९९७ मतांवर थांबावे लागले. पनवेलच्या दृष्टीने हा निकाल साधा नव्हता. दि. बा. पाटील, दत्तूशेठ पाटील, विवेक पाटील अशी आमदारांची परंपरा असलेल्या या गावात २००९ पासून विधानसभेची जागा शेकापकडे राहिली नव्हती. शिक्षकांच्या मतांवर मिळालेली परिषदेची जागा हा त्या पक्षाचा येथील उरलेला आधार होता, आणि तोही गेला.

या पराभवाची कारणमीमांसा त्या वेळी चहाच्या टपरीपासून शिक्षकदालनापर्यंत सर्वत्र झाली. कोणी म्हणाले, शिक्षक फिरले. कोणी म्हणाले, सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. कोणी आमदारांच्या सहा वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला. या सगळ्यात एका आकड्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१७ साली हीच जागा बाळाराम पाटील यांनी जिंकली तेव्हा त्यांच्या पारड्यात पडलेली मते सुमारे ११ हजार ८०० होती. पसंतीक्रमाच्या मोजणीत दोन निवडणुकांचे आकडे जसेच्या तसे ताडून पाहताना थोडी गल्लत होऊ शकते, हे मान्य करूनही निष्कर्ष टळत नाही. सहा वर्षांत पाटील यांच्यापासून दूर गेलेली मते हजाराच्या आसपासच होती. जे मतदार त्यांचे होते ते बहुतांशी त्यांचेच राहिले. ज्या संख्येच्या बळावर ते २०१७ मध्ये विधान भवनात गेले, जवळजवळ त्याच संख्येने त्यांना २०२३ मध्ये घरी बसवले.

असे का झाले, याचे उत्तर मतदारांत शोधू गेल्यास सापडत नाही. ते उमेदवारीच्या वाटपात सापडते. २०१७ साली पाटील यांच्या विरोधकांची तोंडे निदान तीन दिशांना होती. दोन वेळा आमदार राहिलेल्या रामनाथ मोते यांना शिक्षक परिषदेने उमेदवारी नाकारून वेणूनाथ कडू यांना पुढे केले, तेव्हा मोते स्वतंत्रपणे उभे राहिले. शिवसेनेने आपला वेगळा उमेदवार दिला, आणि तो उमेदवार म्हणजे हेच ज्ञानेश्वर म्हात्रे. त्यांना त्या वेळी सात हजारांचाही टप्पा गाठता आला नव्हता. निम्म्याहून बऱ्याच कमी मतांवर पाटील निवडून आले ते या फाटाफुटीमुळे. जून २०२२ मध्ये शिवसेनाच दुभंगली, एकनाथ शिंदे यांच्याबरोबर ठाणे जिल्ह्यातील संघटनेचा मोठा भाग गेला, आणि २०२३ मध्ये शिंदे गटाचे म्हात्रे भाजपच्या उमेदवारीवर उभे राहिले. ज्या दोन प्रवाहांनी २०१७ मध्ये एकमेकांची मते खाल्ली होती, ते एका नावामागे आले. निकाल तेथेच लागला होता. जानेवारीच्या अखेरीस शिक्षकांनी जांभळ्या शाईच्या लेखणीने आकडे लिहिले, ते त्या निकालावर शिक्कामोर्तब करण्यापुरते.

अशा निवडणुकीत कोणाला किती संधी आहे याचा अंदाज बांधण्याचा उद्योग आपल्याकडे प्रचार सुरू झाल्यावर सुरू होतो. मेळावे किती झाले, पत्रके कोणाची गुळगुळीत कागदावर आहेत, कोणत्या संस्थाचालकाने कोणाच्या सभेला खुर्ची भूषवली, यावरून भाकिते होतात. ती बहुधा चुकतात, कारण तोवर मुख्य दोन गोष्टी होऊन गेलेल्या असतात. उमेदवार ठरलेला असतो आणि मतदारयादी बंद झालेली असते. या दोन्ही गोष्टी ज्या ठिकाणी घडतात तेथे सामान्य शिक्षकाला किंवा पदवीधराला विचारण्याची पद्धत नाही.

अमेरिकेतील घटकराज्यांत यापेक्षा वेगळा प्रघात आहे. तेथील बहुतेक राज्यांच्या विधिमंडळांना दोन सभागृहे असून वरिष्ठ सभागृहाला सिनेट म्हणतात. या राज्य सिनेटच्या जागेसाठी एका पक्षातून चार जण इच्छुक असले, तर त्यांचा निवाडा पक्षाच्या कार्यालयात होत नाही. सरकारी यंत्रणेमार्फत, गुप्त मतदानाने, त्या पक्षाचे मतदार तो करतात. हीच ‘प्रायमरी’, म्हणजे उमेदवारीची पूर्वनिवडणूक. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ मध्ये कायदा करून ही पद्धत राज्यभर लागू करण्याचा मार्ग घातला. पक्षाच्या मूठभर पुढाऱ्यांनी बंद खोलीत नावे ठरवावीत, या रिवाजाविरुद्धचा तो उठाव होता. ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचे निर्विवाद प्राबल्य असते तेथे प्रत्यक्ष निवडणूक उपचारापुरती राहते आणि खरी झुंज पूर्वनिवडणुकीतच होते. म्हणून तेथे उमेदवारांच्या शक्याशक्यतेची चर्चा आधीपासून, उघडपणे आणि आकड्यांनिशी होऊ शकते. कोणाच्या मागे कोणती कामगार संघटना आहे, कोणत्या भागात कोणाचा जोर आहे, निधी किती जमला, हे सर्व लोकांसमोर असते.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पूर्वनिवडणुकीला मतदार थोडे येतात, आणि जे येतात ते सहसा अधिक कडवे असतात. एकाच पदासाठी दोनदा लढायचे म्हणजे पैसाही दुप्पट लागतो. इतके असूनही तेथील शिक्षकाला उमेदवार निवडण्याच्या वेळी एक मत असते. कोकणातील शिक्षकाला ते नाही.

महाराष्ट्रात असा प्रयोग झालाच नाही असे म्हणता येणार नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने राहुल गांधी यांच्या आग्रहावरून देशातील थोड्या मतदारसंघांत उमेदवार निवडण्यासाठी अंतर्गत मतदान घेतले. त्यांत वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात सागर मेघे आणि लातुरात दत्तात्रय बनसोडे या मतदानातून पुढे आले, आणि दोघेही प्रत्यक्ष निवडणुकीत पराभूत झाले. पराभवाचे कारण पूर्वनिवडणूक नव्हते, त्या वर्षीचा वाराच निराळा होता. तथापि या प्रयोगातही मत होते ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना, साध्या समर्थकाला नव्हे. पराभवानंतर प्रयोग गुंडाळला गेला आणि त्याची आठवणही फारशी कोणी काढत नाही.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत तर असा प्रयत्नही झाला नाही. उलट २०२३ च्या जानेवारीत नाशिक विभागात जे घडले ते बंद खोलीतील निवडीचा कळस म्हणावा असे होते. काँग्रेसने विद्यमान आमदार डॉ. सुधीर तांबे यांना उमेदवारी जाहीर केली. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी त्यांनी अर्जच भरला नाही. त्यांचे चिरंजीव सत्यजीत तांबे यांनी अपक्ष म्हणून भरला आणि पुढे ते निवडूनही आले. एका राष्ट्रीय पक्षाला ऐन वेळी स्वत:चा उमेदवारच उरला नाही, आणि पाच जिल्ह्यांतील पदवीधरांना याची वार्ता वर्तमानपत्रांतून समजली. नागपूर पदवीधर मतदारसंघाचे उदाहरण याहून बोलके आहे. नितीन गडकरी यांनी पाव शतक सांभाळलेली ही जागा भाजपची हक्काची मानली जाई. २०२० मध्ये पक्षाने विद्यमान आमदार अनिल सोले यांना बाजूला सारून महापौर संदीप जोशी यांना उभे केले, आणि काँग्रेसचे अभिजित वंजारी विजयी झाले. पराभवाला अनेक कारणे असतात. पण हक्काची जागा जाण्यापूर्वी उमेदवार बदललेला असतो हे पुन:पुन्हा दिसते.

कोकण पदवीधर मतदारसंघात २०२४ मध्ये याच्या नेमके उलट झाले. महायुतीत भाजपचे विद्यमान आमदार निरंजन डावखरे होते. शिंदे यांच्या शिवसेनेतर्फे ठाण्याचे माजी महापौर संजय मोरे यांनी अर्ज भरला होता आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने अभिजित पानसे यांचे नाव जाहीर केले होते. महाविकास आघाडीत काँग्रेसचे रत्नागिरीचे रमेश कीर आणि ठाकरे यांच्या शिवसेनेचे किशोर जैन असे दोघे होते. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली तेव्हा मोरे, पानसे आणि जैन हे तिघेही रिंगणात नव्हते. पाच इच्छुकांचे दोन उमेदवार झाले ते दूरध्वनीवर आणि नेत्यांच्या निवासस्थानी. २६ जूनला मतदान झाले आणि १,४३,२९७ पदवीधरांनी त्यात भाग घेतला. डावखरे यांना १,००,७१९ आणि कीर यांना २८,५८५ मते पडली.

ही तफावत केवळ ऐक्याने पडली नाही. येथे दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे मतदारयादीकडे, वळावे लागते. आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या निवडणुकीत सर्वांत उद्बोधक वाटावा असा भाग हाच आहे.

विधानसभेची मतदारयादी कायमची असते. तीत फक्त भर आणि वजावट होते. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी दर निवडणुकीला कोऱ्या कागदावरून सुरू होते. गेल्या वेळी मतदान केलेल्या पदवीधरालाही पुन्हा नमुना क्रमांक १८ भरावा लागतो, शिक्षकाला नमुना क्रमांक १९. पदवीधराने १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी निदान तीन वर्षे पदवी घेतलेली असावी लागते. शिक्षकाने मागील सहा वर्षांत एकूण तीन वर्षे माध्यमिक किंवा त्याहून वरच्या स्तरावर शिकवलेले असावे लागते. प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला येथे स्थान नाही. पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत काढा, रहिवासाचा पुरावा जोडा, शिक्षक असाल तर मुख्याध्यापकांचा दाखला मिळवा, मुदतीत अर्ज पोचवा. यात पैसा थोडा जातो, वेळ पुष्कळ जातो. आपल्या एका मताने निकाल बदलण्याचा संभव नगण्य आहे हे ओळखून सामान्य पदवीधर हा खटाटोप टाळतो, आणि त्याच्या दृष्टीने ते गैरवाजवी नसते.

मग हा खटाटोप कोण करतो? इच्छुक उमेदवार करतो, त्याचा पक्ष करतो, संस्था चालवणारा पुढारी करतो. कार्यकर्ते घरोघरी जाऊन अर्ज गोळा करतात, छायाप्रती काढून देतात, तहसील कचेरीत गठ्ठे पोचवतात. नोंदणीचा खर्च ज्याने उचलला, त्याला कोणाच्या घरी कोण पदवीधर आहे याचा तपशील मिळतो आणि मतदाराच्या मनात थोडी मिंधेपणाची भावनाही निर्माण होते. सर्वसाधारण निवडणुकीत मतदार उमेदवार निवडतो. येथे बऱ्याच अंशी उमेदवार आपला मतदार निवडतो. विधान परिषदेच्या उमेदवाराला निवडणूक खर्चाची कायदेशीर मर्यादाही नाही. ती लोकसभा आणि विधानसभा यांच्यापुरतीच आहे. साहजिकच ज्याच्याकडे साधने अधिक, त्याची यादी लांब.

आकडे काय सांगतात ते पाहावे. २०१८ च्या निवडणुकीत कोकण पदवीधर मतदारसंघात १ लाख ४ हजारांच्या आसपास मतदार होते. २०२४ मध्ये ते सुमारे २ लाख २३ हजार झाले, म्हणजे दुपटीहून अधिक. परंतु ही वाढ सर्वत्र सारखी झाली नाही. ठाणे जिल्ह्यात ४६ हजारांच्या जवळपास असलेली संख्या ९९ हजारांच्या घरात गेली. रायगडात २० हजारांची ५४ हजार झाली. सिंधुदुर्गात ५ हजार ३०० वरून साडेअठरा हजारांवर, म्हणजे साडेतीनपट उडी पडली. रत्नागिरीत मात्र १६ हजारांवरून साडेबावीस हजारांच्या थोडे पुढे, इतकीच मजल गेली. काँग्रेसचा उमेदवार नेमका या रत्नागिरीचा. ज्या जिल्ह्यात त्यांची ओळख सर्वाधिक तेथे नोंदणी सर्वांत मंद, आणि ज्या ठाणे-रायगडात प्रतिपक्षाची यंत्रणा सज्ज तेथे याद्या फुगलेल्या, हे ज्याने नोव्हेंबरपासून पाहिले असेल त्याला जुलैतील निकालाचे आश्चर्य वाटले नसेल. २०१८ मध्ये, जेव्हा भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी असे तिघे वेगळे लढले, तेव्हा डावखरे यांचे मताधिक्य आठ हजारांच्या थोडे वर होते. २०२४ मध्ये ते ७२ हजारांवर गेले. डावखरे यांचा गुण सहा वर्षांत नऊपट झाला असे त्यांचे समर्थकही म्हणणार नाहीत.

रायगडातील वाढीत पनवेलचा वाटा किती असावा, हे सांगण्यास वेगळा आकडा हवा. पण खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र येथून नोकरीनिमित्त आलेला, बँकेत, विमा कार्यालयात किंवा खासगी कंपनीत काम करणारा मोठा पदवीधरवर्ग येथे राहतो. पदवी नांदेडची असो की कोल्हापूरची, तो येथे राहतो म्हणून त्याचे मत कोकणातच नोंदले जाऊ शकते. गावच्या राजकारणाशी त्याचे नाते नाही, शेकाप कोणता आणि त्याचा लाल बावटा कशासाठी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. या वर्गाची नोंदणी जो करील त्याला पनवेल तालुक्यात एक नवाच मतदारसंघ हाती लागल्यासारखे आहे.

आता पसंतीक्रमाविषयी. या निवडणुकीत मतपत्रिकेवर चिन्ह नसते. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहावयाचे असतात आणि वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक मत ज्याला मिळेल तो विजयी होतो. पहिल्या फेरीत कोणी तेथवर पोचला नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. या रचनेचा हेतू असा, की मते फुटली तरी बहुमताचा कौल शेवटी प्रकट व्हावा. म्हणजे ज्या कामासाठी अमेरिकेत पूर्वनिवडणूक घेतात, त्यातील काही काम दुसऱ्या पसंतीने होऊ शकते. परंतु प्रत्यक्षात प्रत्येक उमेदवाराचे कार्यकर्ते मतदान केंद्राबाहेर एकच मंत्र देतात: फक्त ‘एक’ लिहा, पुढे काही लिहू नका. २०१७ मध्ये निम्म्याहून बरीच कमी मते असूनही पाटील निवडून येऊ शकले, याचा अर्थ विरोधकांच्या मतपत्रिका एकमेकांच्या कामी आल्या नाहीत असाच होतो. साधन हाताशी असून वापरले गेले नाही.

याच संदर्भात बाद मतांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. २०२३ मध्ये १,६१९ शिक्षकांची मते अवैध ठरली. २०२४ मध्ये अवैध ठरलेल्या पदवीधरांची संख्या ११,२२६, म्हणजे शंभरात जवळजवळ आठ! आकड्याऐवजी बरोबरची खूण करणे, दोघांपुढे ‘१’ लिहिणे, सही करणे, असल्या कारणांनी मत बाद होते. विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिकेवरील सूचना वाचल्या नाहीत म्हणून गुण कापणाऱ्या वर्गाविषयी याहून अधिक न लिहिलेले बरे.

मग प्रश्नांना, मागण्यांना काही महत्त्वच नाही काय? आहे, परंतु ते ठिकाणपरत्वे बदलते. २०२३ च्या निवडणुकीत जुन्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा होता. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना जुनी योजना लागू नाही. त्या तारखेपूर्वी नेमणूक होऊनही शाळेला शंभर टक्के अनुदान नव्हते म्हणून हजारो शिक्षक मधल्या मध्ये लोंबकळत राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात सरकारने तिजोरीवरील भाराचे कारण देऊन नकार दिला आणि निवडणूक तोंडावर येताच सूर मवाळ केला. नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपच्या पाठिंब्यावर उभे असलेले ना. गो. गाणार यांचा सुधाकर अडबाले यांनी पराभव केला. तेथे या प्रश्नाचा परिणाम झाला, याविषयी फारसा मतभेद नाही. त्याच दिवशी, त्याच प्रश्नावर, त्याच सरकारविषयी कोकणच्या शिक्षकांनी नेमका उलट कौल दिला. सहा आठवड्यांनी, १४ ते २० मार्च २०२३ या काळात, राज्यातील कर्मचारी आणि शिक्षक याच मागणीसाठी संपावर गेले, त्यात कोकणातील शिक्षकही होते. जानेवारीत सत्तापक्षाच्या उमेदवाराला मत आणि मार्चमध्ये सत्तेविरुद्ध संप, यात विसंगती आहे असे वाटेल. परंतु ज्याला मागणी करायची आहे तो ती पूर्ण करण्याची शक्ती असलेल्याच्या जवळ जाऊ पाहतो, असेही याचे स्पष्टीकरण देता येते. सत्तापक्षाच्या उमेदवाराला कोकणात, मुंबईच्या सावलीत, हा लाभ अधिक मिळतो.

उमेदवार स्वत: शिक्षक असावा की नाही, हा वाद दर वेळी उपस्थित होतो. कायद्याने त्याचा निकाल केव्हाच लावला आहे. मद्रासमधील एका पदवीधर मतदारसंघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये स्पष्ट केले, की पदवीची अट मतदारासाठी आहे, उमेदवारासाठी नाही. संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदाने परिषदेच्या सदस्यांपैकी एक-द्वादशांश पदवीधरांकडून आणि तितकेच शिक्षकांकडून निवडले जावेत असे म्हटले, त्यांच्यातून निवडले जावेत असे म्हटले नाही. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा प्रत्येकी सात जागा आहेत. कायद्याचे हे म्हणणे मान्य केले तरी अमरावती पदवीधर मतदारसंघातून प्रा. बी. टी. देशमुख यांनी १९८० पासून तीस वर्षे अपक्ष म्हणून जे काम केले, ते प्राध्यापकांच्या संघटनेतून वर आलेल्या माणसालाच जमण्याजोगे होते, हे त्यांचे विरोधकही मान्य करतील. आता पक्षाच्या यंत्रणेवाचून नोंदणी होत नाही आणि नोंदणीवाचून निवडून येता येत नाही. त्यामुळे अशा माणसाला उमेदवार म्हणून कोणी मोजतच नाही.

हा दोष फक्त परिषदेपुरता नाही. विधानसभेच्या नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत पनवेलमध्ये शेकापचे बाळाराम पाटील आणि ठाकरे यांच्या शिवसेनेच्या लीना गरड हे एकाच आघाडीचे म्हणवणारे दोघे समोरासमोर आले, आणि प्रशांत ठाकूर पुन्हा आमदार झाले. शेजारच्या उरणमध्ये शेकापचे प्रीतम म्हात्रे आणि शिवसेनेचे मनोहर भोईर यांच्या मतांची बेरीज भाजपचे महेश बालदी यांच्या मतांपेक्षा कितीतरी अधिक भरली, तरी निवडून बालदीच आले. दोन इच्छुकांमधून एकाची निवड करण्याचा कोणताही मान्य मार्ग नसला की ती निवड मतदानाच्या दिवशी होते, आणि तिची किंमत दोघेही देतात. नेत्यांच्या समजूतदारपणावर विसंबणे हा मार्ग नव्हे; समजूतदारपणा जिंकणाऱ्या बाजूला सहज सुचतो, हरणाऱ्या बाजूला तो उशिरा येतो.

शिक्षकांच्या बाबतीत मात्र एक सोय आहे, जी सर्वसाधारण मतदाराला नाही. त्यांच्या संघटना आहेत, त्या संघटनांना वर्गणी देणारे सभासद आहेत आणि तालुक्यापर्यंत शाखा आहेत. शिक्षक परिषद, शिक्षक लोकशाही आघाडी, शिक्षक भारती यांपैकी कोणत्याही संघटनेला पाच जिल्ह्यांतील आपल्या सभासदांचे गुप्त मतदान घेऊन उमेदवार ठरवणे अशक्य नाही. त्यासाठी ना कायदा बदलावा लागतो ना निवडणूक आयोगाची परवानगी. मोते आणि कडू यांच्यातील वाद २०१७ मध्ये सभासदांपुढे गेला असता, तर हरणाऱ्याला उभे राहण्यास नैतिक आधार उरला नसता. या सूचनेवर आक्षेप येईल तो असा, की पक्ष या निवडीला जुमानणार नाहीत. ते खरेच आहे. परंतु नोंदणीचे काम संघटनेने आपल्या सभासदांपुरते स्वत: केले, तर जुमानावे लागेल, कारण मग यादीतील नावे कोणाची हे पक्षालाही ठाऊक असेल.

कोकण शिक्षक मतदारसंघाची सध्याची मुदत २०२९ च्या प्रारंभी संपते, पदवीधर मतदारसंघाची २०३० च्या जुलैत. नेहमीच्या क्रमाने गेल्यास शिक्षकांच्या नव्या यादीची जाहीर सूचना १ ऑक्टोबर २०२८ ला लागेल आणि नमुना क्रमांक १९ चे अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घेतले जातील. त्या पाच-सहा आठवड्यांत पनवेल, उरण, कर्जत, अलिबागच्या शाळांतून कोणाचे कार्यकर्ते अर्जांचे गठ्ठे गोळा करीत फिरत आहेत, हे मुख्याध्यापकांच्या दालनात बसल्या बसल्या कोणालाही दिसू शकेल. त्या वेळी उमेदवारांची नावे जाहीर झालेली नसतील.